ओढ्यावरची मोजणी

बीर झायद, ३ मार्च १९१०

प्रिय सादोक,

मामाचे भरपूर आशीर्वाद. मामीचेही आहेत, पण ती म्हणते, पोरगं ट्यूनिसला गेल्यापासून दर पत्रात ‘मजेत आहे’ एवढंच लिहितं, जेवतं काय ते कळवत नाही, म्हणून तिचे अर्धेच समज.

इकडे चार दिवस ओढ्याला पूर आहे. आज सकाळी पलीकडच्या काठावर अम्मार येऊन उभा राहिला. तुमच्या गरसा गावचा अम्मार, आपल्या हल्लूमाचा होणारा नवरा. दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होता. पाण्याच्या आवाजात अक्षर ऐकू येईना, पण तो काय विचारतो ते मला पाठ आहे. दोन वर्षं एकच प्रश्न, लग्न कधी? मीही दोन वर्षं देतोय तेच उत्तर हातवारे करून दिलं. पूल झाल्यावर.

का, ते तुला सांगायला नको. तुझी आई माझी एकुलती बहीण. तिला मी या ओढ्यापलीकडे दिली. तुझ्या पाठचं बाळ होताना ती अडली, तेव्हा मन्नुबिया सुईण अलीकडच्या काठावर दिवसभर पाणी उतरायची वाट बघत बसली होती. पाणी उतरलं दुसऱ्या दिवशी. वीस वर्षं झाली, सुईण अजून तीच आणि ओढाही तोच. माझ्या घरची दुसरी मुलगी मी अशी देणार नाही.

आणि सादोक, आपण पूल काय भीक म्हणून मागतोय का? अकरा वर्षं गावातला प्रत्येक धडधाकट माणूस वर्षाचे चार दिवस सरकारच्या रस्त्यावर वेठीला जाऊन खडी फोडतो. वर डोईपट्टी, वर जैतुनाच्या झाडांची पट्टी. आणि तो रस्ता गेला कुठे? रुव्हिएसाहेबाच्या द्राक्षमळ्याच्या फाटकापर्यंत, पुढे एक पाऊल नाही. इतका सपाट रस्ता आहे की साहेबाची द्राक्षं त्यावरून झोपा काढत स्टेशनात पोचतात. आमची माणसं मात्र ओढ्यात कमरेपर्यंत भिजतात.

तू बांधकाम खात्यात दुभाषा आहेस. माझ्या मदरशात इतक्या छड्या खाऊन शिकलास, त्यांचं आता तरी चीज कर.

तुझा मामा,
हम्मादी


ट्यूनिस, १९ मार्च १९१०

आदरणीय मामा,

मामीला आधी सांगा की काल मसूर आणि परवा मासे खाल्ले, म्हणजे राहिलेले अर्धे आशीर्वाद मिळतील.

तुमचं पत्र वाचून मी धीर केला आणि आमचे इंजिनियर ब्रेसाकसाहेब यांच्यासमोर विषय काढला. माणूस कोरडा आहे पण सरळ आहे. ते म्हणाले, वेठीचे दिवस कोणी किती दिले यावर पूल ठरत नाही, रहदारीवर ठरतो. ओढा ओलांडायच्या उतारावरून रोज किती माणसं, किती जनावरं जातात ते दाखवा, मग बघू.

तर खात्याचा एक माणूस तिकडे येईल. ओर्सिनी त्याचं नाव, कोर्सिका बेटावरचा, अंगाने जाडा, स्वभावाने गरीब. तो तीन दिवस उतारावर बसेल आणि जो जाईल येईल त्याची वहीत नोंद करील. तुम्ही एवढंच करायचं, जा-ये करायची. गावप्रमुख म्हणून शेख साहेबांना आधी सांगा, सगळ्या गावाला सांगा. तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पोचेल.

मामा, हे काम मला कोणत्याही बढतीपेक्षा मोठं आहे, हे तुम्ही जाणताच.

तुमचा भाचा,
सादोक


बीर झायद, ९ एप्रिल १९१०

प्रिय सादोक,

तुझं उत्तर अजून नाही. बाजारगावचा टपालवाला आजारी आहे म्हणतात. असू दे, तू खटपट करत असशीलच. आज मी तुला अशी गोष्ट सांगणार आहे की तू खुर्चीवरून पडशील.

मंगळवारी सकाळी शेरीफाच्या पोराने टेकडीवरून पाहिलं की एक परका माणूस खेचरावरून येतोय. टोपीवाला, जाडा, काखेत छत्री आणि हातात वही. वही म्हटल्यावर पुढचं काय सांगायचं. तुझ्या मामीने ताबडतोब काळी घोंगडी काढली आणि विहिरीच्या कठड्यावर पसरली. पट्टीवाला आल्याची आपली ही खूण अख्ख्या टापूत कोणाला शिकवावी लागत नाही. तास झाला नसेल, गावातले सगळे उंट डोंगरामागे, शेळ्या दरीत, तरणे पुरुष निवडुंगाच्या कुंपणापलीकडे. बायकांनी दारं लावून घेतली. कोंबड्यासुद्धा टोपलीखाली. पलीकडे गरश्यानेही घोंगडी पाहिली, तिकडूनही चिटपाखरू फिरकलं नाही.

तो बिचारा उतारावर छत्री उघडून बसला. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. आम्ही कुंपणातून बघत होतो. फक्त सालेम म्हातारा आपलं लंगडं गाढव घेऊन त्याच्यासमोरून सहादा गेला, कारण दर खेपेला त्या माणसाने त्याला तंबाखू दिली. सालेमकडे लपवायला आहे काय? साठी उलटल्यावर डोईपट्टीही माफ.

चौथ्या दिवशी पाहुणे वही मिटून परत गेले. इतकं हसलो सादोक, की मला बरगड्यांत लचक भरली. शेख म्हणाले, असा कोरा कागद घेऊन गेलेला पट्टीवाला आपल्या वाडवडिलांनीही पाहिला नसेल. त्याची पाठ फिरते न फिरते तोच सगळ्या गावाने मिळून मेंढा कापून भाजायला घेतला.

पुलाचं काय झालं ते कळव.

तुझा मामा,
हम्मादी


ट्यूनिस, २४ एप्रिल १९१०

मामा,

तो पट्टीवाला नव्हता.

तो ओर्सिनी होता. एव्हाना माझं आधीचं पत्र पोचलं असेल, म्हणजे जास्त सांगत नाही. त्याचा अहवाल माझ्याच टेबलावर भाषांतराला आला. जसाच्या तसा देतो: ‘तीन दिवसांत म्हातारा एक, लंगडं गाढव एक, फेऱ्या सहा. कुत्री दोन, त्यातलं एक माझ्या मागे लागलं. गाव बहुधा ओसाड आहे, मात्र निघताना मेंढा भाजल्याचा वास येत होता.’ खाली ब्रेसाकसाहेबांचा शेरा: ‘ओसाड गावाला पूल कशाला?’

आधी मला हसू आवरेना. शेजारचा कारकून विचारायला लागला काय झालं. मग बाहेर जिन्यात जाऊन बसलो आणि मामा, रडलो. आई गेली, त्या दिवशी मी सहा वर्षांचा होतो. पलीकडच्या काठावर मन्नुबिया मावशीचा लाल फडका मला दिसत होता. आत आई विचारत होती, आली का? आणि मी दर वेळी सांगत होतो, आलीच बघ. या खात्यात नोकरी मी कशासाठी धरली ते तुम्ही कधी विचारलं नाही, मीही कधी बोललो नाही.

साहेबांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. ते म्हणाले, नियमात दुसरी मोजणी एकदाच मिळते. शेखांनी अर्ज करावा, तारीख गावाने सुचवावी. तिसरी मिळणार नाही.

आणि एक गोष्ट लपवत नाही, नाहीतर पुढे तोंड दाखवता येणार नाही. मोजणीच्या कागदाची एक प्रत पलीकडच्या खोलीत महसूलवाल्यांकडे जाते. म्हणजे पुलासाठी जेवढे उंट दाखवाल तेवढे त्यांनाही दिसतील. विचार करून ठरवा.

सादोक


बीर झायद, १५ मे १९१०

प्रिय सादोक,

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी हातात पडली आणि मी चुकून दुसरं आधी उघडलं. नंतर पहिलं वाचलं. त्यानंतर मामीने मला जे ऐकवलं ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. घोंगडी तिनेच पसरली होती हे मी सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही.

तू जिन्यात बसलास ते वाचून मला फार वाईट वाटलं. मी कधी विचारलं नाही कारण मला माहीत होतं.

शुक्रवारी मोठ्या जैतुनाखाली गाव बसलं. शेखांनी सगळं मांडलं. मग जे सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत. एक म्हणे, पूल हवा तर दिसावं लागेल. दुसरा म्हणे, तुझे दोनच उंट आहेत, तुला दिसायला काय जातंय, माझे नऊ आहेत. तिसऱ्याने सुचवलं, सगळ्यांनी एकच उंट आळीपाळीने न्यावा. शेख कपाळ धरून म्हणाले, अरे, एकाला दिसायचं आणि दुसऱ्याला दिसायचं नाही, हे एकाच वाटेवर एकाच वेळी जमवायचं कसं?

तेव्हा भिंतीपलीकडून तुझ्या मामीचा आवाज आला. “वरातीतले उंट कोणाचे असतात?”

“पाहुण्यांचे,” कोणीतरी म्हणालं.

“मग? पाहुणे आपली पट्टी आपल्या गावी भरतात. त्यांच्यात तुमचे नऊ मिसळले तर कोण ओळखतंय? मेल्यांनो, इतका वेळ नुसता चहा संपवताय.”

शेख तर उभेच राहिले. पण मी बसून राहिलो. कारण वरात म्हणजे हल्लूमाची वरात, आणि माझा शब्द होता की आधी पूल, मग मुलगी. आता सगळ्या गावाला पूल हवाय आणि त्यासाठी आधी माझी मुलगी हवीय. आणि समजा देऊन टाकली आणि खात्याने नाही म्हटलं, तर? दोन दिवस मला घास गेला नाही.

शेवटी हल्लूमाच येऊन बसली. म्हणाली, “बाबा, पूल माझ्यासाठी मागताय ना? मग मला त्याच्यासाठी एकदा ओढ्यातून जाऊ द्या. आणि अम्मारचा घसा बसलाय ओरडून.” पोरगी आईवर गेली आहे. मी उठून शेखांना हो सांगून आलो.

ऑगस्टअखेरीची तारीख धर. गव्हाची कामं झालेली असतात, यंदा रमजान लागलेला नसेल आणि ओढा कोरडा असतो.

तुझा मामा,
हम्मादी


ट्यूनिस, २ जुलै १९१०

आदरणीय मामा,

तारीख मिळाली. २३, २४ आणि २५ ऑगस्ट. ओर्सिनीच येणार आहे. लग्न आहे म्हटल्यावर त्याने स्वतःच मागून घेतलं. मेंढ्याचा वास तो विसरलेला नाही.

हात जोडून एकच सांगणं. तेच उंट पुन्हा पुन्हा गोल फिरवू नका. तो जाडा आहे, आंधळा नाही. आणि मामीला सांगा, ती घोंगडी कुलपात ठेवा.

मला रजा मिळत नाही. हल्लूमाला माझ्याकडून रेशमी ओढणी पाठवतो आहे.

सादोक


बीर झायद, २७ ऑगस्ट १९१०

प्रिय सादोक,

ओढणी पोचली, नवरीने तीच घेतली. आता ऐक.

पहिल्या दिवशी पहाटेपासून ओर्सिनी उतारावर छत्रीखाली बसला. मी समोर उभा. गरश्याच्या टेकडीवर धूळ दिसायला लागली, डोंगरातले सोयरे येत होते. मी मनातल्या मनात पूल बांधायला घेतला. तेवढ्यात ती धूळ थांबली आणि मागे वळली. मला काही कळेना. दक्षिणेकडून येणारी दुसरी धूळ, तीही वळली. ओर्सिनीने माझ्याकडे बघितलं आणि वहीत लिहिलं, कुत्रा एक.

मग माझी नजर विहिरीकडे गेली. लग्नघर म्हणून तुझ्या मामीने आदल्या दिवशी घरातली झाडून सगळी कापडं धुतली होती. कुलपातली घोंगडीही. आणि वाळायला टाकली होती कठड्यावर.

या वयात मी कधी पळालो नव्हतो सादोक. एक चप्पल उतारावर राहिली, दुसरी कुठे गेली माहीत नाही. घोंगडी ओढली आणि तिच्यावर बसलो. पण वळलेल्या लोकांना सांगणार कोण? तोवर मामीच्या ध्यानात आलं. तिने छपरावर चढून लग्नातल्या आनंदाचा असा हुलहुलीचा आवाज काढला की मागोमाग गावातल्या सगळ्या बायका चढल्या. पट्टीवाला आला असता तर कोणी हुलहुली देतं का? टेकडीवरची धूळ थबकली आणि परत फिरली, या खेपेला धावत.

त्यानंतर तीन दिवस उतारावर वाळू दिसत नव्हती. ढोल, बंदुकीचे बार, शेळ्या, खेचरं, म्हाताऱ्या, तान्ही पोरं. ओर्सिनी एका हाताने लिहीत होता आणि दुसऱ्या हाताने कुसकुस खात होता. माणूस गुणी आहे, दोन्हींत खंड पडू दिला नाही. मध्येच विचारलं, “हे उंट कोणाचे?” म्हटलं, पाहुण्यांचे. तेवढ्यात माझा स्वतःचा उंट, तोच फाटक्या कानाचा, माझ्या खांद्यावर डोकं घासायला लागला. “हाही पाहुण्यांचा?” म्हटलं, हो, पण फार प्रेमळ आहे. त्याने लिहून घेतलं.

शेवटच्या दिवशी हल्लूमाची डोली उंटावर चढली. पाणी घोट्याएवढंही नव्हतं. मी तिच्याबरोबर ओढ्याच्या मध्यापर्यंत चालत गेलो आणि तिथेच थांबलो. तुझ्या आईलाही इथवरच पोचवलं होतं. अम्मार पलीकडून काहीतरी म्हणाला, पण घसा बसल्यामुळे याही वेळी ऐकू आलं नाही. मी परत आलो तेव्हा ओर्सिनी उभा होता, टोपी हातात घेऊन.

आता सगळं तुमच्या साहेबाच्या हातात. मला भीती वाटते, ती तुझ्याजवळ नाही तर कोणाजवळ बोलू?

तुझा मामा


ट्यूनिस, ११ फेब्रुवारी १९११

आदरणीय मामा,

मंजूर. आज सही झाली. मी स्वतः शाई टिपली.

साहेबांनी आकडे बघून दोनदा चष्मा पुसला. म्हणाले, या उतारावर बंदराहून जास्त गर्दी आहे. महसूलवाल्यांनी त्यांच्या प्रतीवर लिहिलं, ‘जनावरे बाहेरगावची, नोंद नको.’ ओर्सिनीला मी खासगीत विचारलं, फाटक्या कानाचा उंट तीनदा कसा? तो म्हणाला, पाहुणे आहेत, काहीतरी विसरले असतील आणि परत गेले असतील. मग म्हणाला, माझ्याही गावात एक ओढा आहे.

आता कडू भाग. दगड आणि मजुरी गावाच्या वेठीच्या दिवसांतून जाणार. म्हणजे पूल सरकारचा, हात तुमचेच. पण या वर्षी खडी रुव्हिएसाहेबाच्या फाटकाऐवजी आपल्या ओढ्यावर पडेल. गवंडी सिसिलीचा आहे. काम नोव्हेंबरपर्यंत व्हावं.

आणि नियम असा की पूल झाल्यावर एक वर्ष गावातल्या लिहित्या-वाचत्या माणसाने येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही ठेवायची. नाव सुचवायला सांगितलं. मी तुमचं दिलं. रागावू नका.

सादोक


बीर झायद, १२ जानेवारी १९१२

प्रिय सादोक,

रागावलो होतो. आता नाही. वही, पेन्सिल आणि पुलाच्या तोंडाशी एक दगड, अशी माझी कचेरी आहे. पहिले काही दिवस माझेच लोक मला बघून उंट मागे वळवायचे. शेरीफाचा पोरगा म्हणाला, मास्तर, मला लिहू नका, मी फक्त बघायला आलो होतो.

तुझ्या गेल्या पत्राचं उत्तर राहिलं, कारण इकडे एकामागोमाग एक घडत गेलं. अठ्ठावीस नोव्हेंबरला पूर आला. पुलाच्या कमानी झाल्या होत्या, वर फळ्या टाकल्या होत्या, कठडे नव्हते. दुपारी अम्मार त्या फळ्यांवरून धावत आला. हल्लूमाचे दिवस भरले होते. मन्नुबिया गाढवावर बसून निघाली तर सिसिलीचा गवंडी आडवा आला. साहेबांची तपासणी झाल्याशिवाय कोणी जायचं नाही म्हणे. तिने विचारलं, “तुझ्या साहेबाला बाळंतपण करता येतं का?” आणि गाढवाला टाच मारली. खाली पाणी तांबडंलाल, आवाजाने कान बधिर. म्हातारीने एकदा खाली पाहिलं नाही. मी मात्र पूर्ण वेळ खालीच बघत होतो, वीस वर्षांपूर्वी बघत होतो तसा. मग वही उघडली आणि माझी पहिली नोंद केली. सुईण एक, गाढव एक, जाताना.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. सुईण एक, गाढव एक, येताना. गाढवावरून न उतरताच म्हणाली, “मास्तर, नातू झाला. दोघंही बरी आहेत.” मी तिथेच दगडावर बसून ढसाढसा रडलो. गवंडी माझी पाठ थोपटत होता.

काल पोर चाळीस दिवसांचं झाल्यावर आणि थोडं ऊन पडल्यावर हल्लूमा त्याला घेऊन माहेरी आली. अम्मार लगाम धरून, ती गाढवावर, आणि छातीशी मामीची ती काळी घोंगडी, चांगली चौपदरी. ‘थंडी आहे म्हणून’ मामीने मुद्दाम पाठवून दिली होती. मी नियमाप्रमाणे वही उघडली. पुरुष एक, बाई एक, गाढव एक. घोंगडीतून पाय हलत होते, मला दिसले. हल्लूमाने विचारलं, “बाबा, तिघंच?”

म्हटलं, मला तिघंच दिसतात. मोठा झाला की शेखाच्या यादीत येईल, डोईपट्टीत येईल, वेठीला जाईल. त्याला मोजणारे आयुष्यभर भेटतील. पहिली फेरी तरी त्याची फुकट जाऊ दे.

त्याचं नाव या पत्रातही लिहीत नाही. कागद कुठून कुठल्या खोलीत जातो ते तूच मला शिकवलंस. तू रजा काढ आणि स्वतः येऊन विचार. पुलावरून ये, पलीकडच्या काठावरून, तुझ्या आईच्या दारावरून. मी दगडावर बसलेला असेन आणि तुझी नोंद मोठ्या अक्षरात करीन.

तुझा मामा,
हम्मादी